एकटी नौका समुद्र राखीत नाही

भारतीय नौदलाला तिसरी विमानवाहू नौका हवी की नको, हा वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे. एक पक्ष म्हणतो, तीन नौका असल्याखेरीज पूर्व व पश्चिम असे दोन्ही समुद्र राखता येणार नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो, क्षेपणास्त्रांच्या युगात एवढे प्रचंड जहाज म्हणजे शत्रूला आयते दिलेले लक्ष्य होय. दोन्ही बाजूंना अनुभवी सेनानी आहेत आणि दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु या वादात एक गोष्ट सामान्य नागरिकाच्या नजरेआड राहते आणि आमच्या मते तीच मुख्य आहे. विमानवाहू नौका कधीही एकटी लढत नाही. ती ताफ्याने लढते. आणि ताफा अपुरा असेल तर नौकांची संख्या वाढवून देशाचे बळ वाढत नाही, केवळ जबाबदारी वाढते.

ज्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचे आरमार वावरले, तेथील लोकांना हे तत्त्व परके वाटू नये. तोफा वाहणारी मोठी गुराबे आणि वल्ह्यांवर चालणारी चपळ गलबते अशी त्या आरमाराची जोडी असे. वारा पडला की गलबते गुराबाला ओढून शत्रूवर नेत. गलबतांवाचून गुराब म्हणजे पाण्यावरचा ठोकळाच.

आजचा ताफाही असाच परस्परांच्या आधाराने उभा असतो. मध्यभागी विमानवाहू नौका आणि तिच्याभोवती विनाशिका व फ्रिगेटी. शत्रूची विमाने व क्षेपणास्त्रे रडारने दुरून हेरून ती नौकेपर्यंत पोहोचण्यापूर्वी पाडणे, हे विनाशिकांचे मुख्य काम. फ्रिगेटी आणि त्यांवरील हेलिकॉप्टरे पाण्याखालचा शोध घेत राहतात. साथीला शक्य तर आपली एखादी पाणबुडी असते. मागून इंधन, दारूगोळा व अन्नधान्य घेऊन रसदनौका येते. दोन जहाजे शेजारी-शेजारी एकाच वेगाने चालत असता मध्ये टाकलेल्या नळ्यांतून तेल भरले जाते. विमाने उडविताना व उतरविताना विमानवाहू नौकेला वाऱ्याकडे तोंड करून वेगाने जावे लागते, त्या वेळी तिला मनाप्रमाणे वळता येत नाही. नेमक्या याच घटकेला तिचे रक्षण इतरांनी करावयाचे असते.

या सर्वांवर हुकूम चालतो तो सामान्यतः एका रिअर ॲडमिरलचा. नौकेचा कप्तान आपले जहाज सांभाळतो, ॲडमिरल ताफा सांभाळतो. अमेरिकन पद्धतीत हवाई संरक्षण, पाणबुड्यांशी लढा व हल्ला ही कामे निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे सोपविलेली असतात आणि ॲडमिरल जरूर पडेल तेथेच त्यांचा निर्णय फिरवितो. अशा एका अमेरिकन ताफ्यात साठांहून अधिक विमाने आणि सुमारे साडेसात हजार माणसे असतात. एवढ्यांचे काम एकजिवाने चालावयाचे तर ते वर्षानुवर्षांच्या सरावानेच चालेल. खरेदीच्या करारावर सही करून ते विकत मिळत नाही.

ताफ्याची हेळसांड झाली म्हणजे काय होते, हे इतिहासाने दाखविले आहे. ८ जून १९४० रोजी ब्रिटनची ‘ग्लोरियस’ ही विमानवाहू नौका केवळ दोन विनाशिका बरोबर घेऊन नॉर्वेहून परतत होती. टेहळणीसाठी तिचे एकही विमान आकाशात नव्हते. जर्मनीच्या दोन मोठ्या युद्धनौकांनी तिला गाठले. रक्षक विनाशिका अखेरपर्यंत झुंजल्या, परंतु तिन्ही जहाजे बुडाली आणि दीड हजारांवर माणसे प्राणास मुकली.

आमचा स्वतःचा अनुभव याच्या दुसऱ्या बाजूचा साक्षी आहे. १९७१ च्या युद्धात जुन्या ‘विक्रांत’च्या एका बॉयलरला तडा गेलेला होता आणि तिचा वेग घटला होता. तथापि ब्रह्मपुत्र, बियास, कामोर्टा व कवरत्ती यांच्या साथीने ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव यांवर हल्ले चढविले. तिच्या मागावर आलेली ‘गाझी’ ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ तळाशी गेली. पण त्याच युद्धात, ९ डिसेंबरच्या रात्री, पश्चिमेच्या समुद्रात दुसऱ्या एका पाकिस्तानी पाणबुडीने आमची ‘खुकरी’ बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. पाण्याखालच्या शत्रूचा शोध घेण्यात उणीव राहिली की तिची किंमत कोण देतो, हे त्या घरांना विचारावे.

आता आजचा जमाखर्च मांडू. कोचीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. खर्च सुमारे २० हजार कोटी रुपये. तिच्यासाठी २६ राफेल विमानांचा करार झाला तो एप्रिल २०२५ मध्ये. शस्त्रे व प्रशिक्षण धरून त्याची किंमत सुमारे ६३ हजार कोटी. म्हणजे घोड्यापेक्षा स्वाराचा खर्च तिप्पट, आणि स्वार घोड्यानंतर कित्येक वर्षांनी येणार! पाच मोठ्या रसदनौकांचे काम विशाखापट्टणमला सोपविले गेले २०२३ मध्ये. ‘कोझिकोड’ ही शेवटची सुरुंगशोधक नौका २०१९ मध्ये निवृत्त झाली, तिच्या वारसांचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे कागदावरच घोळत राहिला. बंदराच्या तोंडाशी शत्रूने सुरुंग पेरले तर पंचेचाळीस हजार टनांची नौका बाहेर कशी पडणार? ताफ्याच्या वेगाने दीर्घकाळ पाण्याखालून जाऊ शकतील अशा दोन अणुशक्तिचालित पाणबुड्यांना मंजुरी मिळाली तीही २०२४ मध्ये.

जमेची बाजूही मोठी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. माझगाव गोदीने २०२१ ते २०२५ या काळात विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ व सुरत या चार विनाशिका नौदलाला दिल्या, ही या नगरीच्या अभिमानाची गोष्ट होय. जून २०२३ मध्ये ‘विक्रमादित्य’ व ‘विक्रांत’ यांनी पस्तीसहून अधिक विमानांसह अरबी समुद्रात एकत्र सराव केला. मे २०२५ मधील संघर्षात विमानवाहू नौकेचा ताफा उत्तर अरबी समुद्रात सज्ज होता.

तिसऱ्या नौकेच्या समर्थकांचा एक मुद्दा आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. १९६५ चे युद्ध उद्भवले तेव्हा आमची एकुलती एक विमानवाहू नौका मुंबईत दुरुस्तीसाठी गोदीत होती. एक नौका गोदीत, एक सरावात व एक मोहिमेवर हा हिशेब खोटा नाही. कोचीच्या कारागिरांचे कसबही गंजू देता कामा नये. परंतु म्हणूनच आमचे सांगणे असे की, सरकारने तिसऱ्या नौकेचा प्रस्ताव आणताना केवळ नौकेची किंमत सांगू नये. तिची विमाने, वैमानिक, विनाशिका, पाणबुड्या, सुरुंगशोधक व रसदनौका यांचा एकत्रित खर्च आणि त्या केव्हा हाती येतील याचे वेळापत्रक संसदेपुढे ठेवावे. आहेत त्या दोन ताफ्यांतील उणिवा भरून निघेपर्यंत तिसऱ्या नौकेचा पठाण घालण्याची घाई करू नये. कोचीच्या हातांना काम द्यावयाचे तर याच उणिवांत ते भरपूर आहे.

३ नोव्हेंबर १९६१ रोजी जुनी ‘विक्रांत’ मुंबईत आली, तेव्हा तिच्या स्वागताला स्वतः पंडित नेहरू उपस्थित होते. निवृत्तीनंतर काही वर्षे ती याच बंदरात संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि अखेर दारूखान्यात तिचे तुकडे झाले. स्वागताची आम्हांला हौस, सांभाळण्याचा मात्र कंटाळा! दारी हत्ती झुलावा ही इच्छा कोणाही समर्थ राष्ट्राला शोभणारीच आहे. मात्र माहूत आणि चारा यांची तरतूद ज्याने आधी केली, त्याच्याच दारी तो टिकतो.