आगीच्या विम्यात कामगार कुठे आहे?

कारखान्याचा आगीचा विमा उतरवताना कंपनीचा इंजिनिअर काय पाहतो? भिंत पक्की की पत्र्याची, वायरिंग किती जुने, रसायने कुठे रचली, पाण्याची टाकी केवढी, बंब किती वेळात येईल. त्यावर हप्ता ठरतो. पॉलिसी इमारत, यंत्रे आणि मालाची. मजुराच्या जिवाची भरपाई दुसऱ्या कायद्याखाली, दुसऱ्या दारात मागायची. दाव्याच्या फायलीत मालाचा हिशेब किलोपर्यंत सापडतो, कामगारांची हजेरी मात्र सापडत नाही!

७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे कारखान्याला आग लागून १७ कामगार गेले. त्यात बहुतेक महिला.

१ जानेवारी २००७ पूर्वी हे दर टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी ठरवी. आग विझवण्याची साधने नियमाप्रमाणे बसवली तर हप्त्यात सूट मिळे. पुढे दर खुले झाले, कंपन्या ग्राहकासाठी एकमेकींवर तुटून पडल्या, हप्ते कोसळले. पडेल हप्त्यात कसून तपासणी कोण करणार?

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने मालकाला दर जानेवारी व जुलैत आगयंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र देणे सक्तीचे केले आहे. हे प्रमाणपत्र तपासल्याशिवाय आणि बाहेर पडण्याचे दार स्वतः उघडून पाहिल्याशिवाय विमा कंपनीने पॉलिसी देऊच नये. दाराला कुलूप दिसले तर हप्ता वाढवून भागणार नाही, विमाच नाकारावा. सरकारी नोटीस मालक खिशात घालतो. पण विम्याशिवाय बँक त्याला कर्ज देत नाही.