सांधा तोडून बघा

हौसेखातर वेल्डिंग शिकू पाहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आर्क घेऊ, मिग घेऊ की टिग? पूर्वी हा प्रश्न घरात उद्भवतच नसे, कारण मशीन म्हणजे तेलाने भरलेला, ढकलायला दोन माणसं लागणारा ट्रान्सफॉर्मर असायचा. आता पाच-सात किलोचं इन्व्हर्टर मशीन खांद्याला अडकवून कोणीही गच्चीवर नेतो. निवृत्त माणसं कुंड्यांचे स्टँड करतात, शेतकरी अवजाराची तुटलेली पट्टी बांधावरच जोडतात, कॉलेजातली मुलं गाडीची फ्रेम बांधतात. हे सगळं मला मनापासून आवडतं, म्हणूनच सांगतो: कोणत्या मशीनचं काम सर्वांत देखणं येतं, हे विचारू नका. तुमची चूक तुम्हाला सर्वांत लवकर कोणतं मशीन दाखवतं, हे विचारा.

मुळात सगळ्या पद्धतींना दोनच गोष्टी साधायच्या असतात. धातू एकजीव होईल इतकी उष्णता द्यायची आणि तेवढा वेळ हवा त्याच्यापासून दूर ठेवायची. हवेतला ऑक्सिजन नि नायट्रोजन तापल्या लोखंडात शिरला की सांधा सच्छिद्र आणि ठिसूळ होतो. बैलगाडीच्या चाकाची धाव जोडणारा लोहार हेच करत असे. भात्याने पट्टीची टोकं पांढरीशुभ्र तापवायची, टाकणखार टाकून वरची पापडी विरघळवायची आणि ऐरणीवर घण घालायचा. आज भट्टीच्या जागी विजेचा आर्क आहे आणि टाकणखाराच्या जागी रॉडवरचा मुलामा किंवा सिलिंडरमधला वायू.

सुरुवात आर्कने, म्हणजे रॉडच्या वेल्डिंगने करा, असं माझं ठाम मत आहे. ग्रिल-गेट करणाऱ्या दुकानात चालतं ते हेच. मुलामा दिलेला रॉड स्वतः वितळून सांध्यात भरतो. मुलाम्याचा वायू आणि वर बसणारी मळी, म्हणजे स्लॅग, वितळलेलं लोखंड झाकून ठेवतात. वायूचं सिलिंडर लागत नाही, वाऱ्यात काम चालतं, थोडाफार गंज खपतो. आणि मुख्य म्हणजे रॉड तुम्हाला काही लपवू देत नाही. करंट कमी असेल तर रॉड चिकटतो. जास्त असेल तर पत्र्याला भोक पडतं. हात लांब राहिला तर आर्क फडफडतो आणि सांध्याभोवती दाणे उडतात. घाईने पुढे गेलात तर स्लॅग आत अडकतो आणि चिपिंग हॅमर मारताच दिसतो. पहिले काही दिवस वैताग येईल. तो वैताग येऊ द्या, हाताला शिकवण त्यातूनच मिळते.

दुकानदाराकडे ६०१३ रॉड मागा, जाडी अडीच मिलिमीटर. बाजारात त्याला बारा नंबर म्हणतात. ६० म्हणजे भरलेल्या धातूची ताणशक्ती चौरस इंचाला किमान ६०,००० पौंड, आणि पुढचा १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावरचं असं कुठलंही काम करणारा रॉड. याला साधारण ६० ते ९० अँपिअर पुरतात. कोणी ७०१८ जास्त मजबूत म्हणून सुचवेल. तो मजबूत आहे हे खरं, पण तो ओल अजिबात सहन करत नाही. ओल धरलेला रॉड पुन्हा वापरायचा तर ३०० अंशांच्या वर भट्टीत तापवून वाळवावा लागतो. ही सोय घरी नसते, तेव्हा नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ६०१३ सुद्धा पावसाळ्यात, त्यातून कोकणात, उघड्या पुड्यात ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा हवा.

मशीनवर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या आकड्याला भुलू नका. २०० अँपिअर लिहिलेलं मशीन घराच्या साध्या प्लगवर २०० अँपिअर देणारच नाही. ८० अँपिअरला आर्कचं व्होल्टेज २३ च्या आसपास असतं, म्हणजे जवळपास दोन किलोवॉट. मशीनमधली गळती आणि कमी पॉवर फॅक्टर धरला तर भिंतीतून साधारण १४ अँपिअर ओढले जातात. १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर हे जेमतेम बसतं, त्यापुढे एमसीबी पडेल. ती पडते म्हणून मोठी एमसीबी बसवू नका, भिंतीतली वायर जळेल. एक्स्टेन्शनची वायर किमान अडीच चौरस मिलिमीटर जाडीची आणि पूर्ण उलगडलेली असू द्या. माहितीपत्रकात 'ड्यूटी सायकल' शोधा: ६० टक्के म्हणजे त्या करंटला दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती. हा आकडा छापलेलाच नसेल तर ते मशीन घेऊ नका.

आता मिग, म्हणजे आपल्याकडच्या दुकानांतलं सीओटू. बंदुकीचा घोडा दाबला की ०.८ मिलिमीटरची तार आपोआप पुढे येते आणि तिच्याभोवती कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गनचं मिश्रण वाहतं. स्लॅग नाही, रॉड बदलणं नाही. एक-दीड मिलिमीटरच्या चौकोनी पाइपवर, गाडीच्या पत्र्यावर याच्यासारखं दुसरं साधन नाही. तासाभरात नवशिक्याचाही सांधा बघण्यासारखा येतो, आणि धोका नेमका तिथेच आहे. छोट्या मशीनवर तार कमी उष्णतेने, टेकत-टेकत वितळते. जाड पट्टीवर तोच करंट ठेवला तर तारेचं लोखंड वर सुबक बसतं, पण खालची पट्टी वितळलेलीच नसते. असा सांधा रंग दिल्यावर तज्ज्ञालाही ओळखू येणार नाही आणि भार पडला की पापडीसारखा निघेल. मिग वाईट नाही. कारखान्यांत गाड्यांचे काही भाग त्यावर जोडले जातात. पण तिथे प्रत्येक सांध्याचं व्होल्टेज आणि तारेचा वेग आधी तुकडे कापून, तोडून ठरवलेला असतो. घरी ते काम आपलं आपल्यालाच करायचं आहे.

म्हणून पद्धत कुठलीही घ्या, माझी एक विनंती ऐका. पाच मिलिमीटर जाड फ्लॅट पट्टीचे बोटभर लांबीचे दोन तुकडे घ्या. एक आडवा, त्यावर दुसरा उभा ठेवा आणि फक्त एकाच बाजूने वेल्ड करा. थंड झाल्यावर आडवा तुकडा व्हाइसमध्ये आवळा आणि ज्या बाजूला वेल्ड नाही त्या बाजूने उभ्या पट्टीवर हातोडा मारा, म्हणजे पट्टी वेल्डवर कलेल आणि कोपरा उघडेल. डोळ्यांवर चष्मा हवाच. पट्टीच वाकून आडवी झाली आणि सांधा टिकला, तर उत्तम. सांधा फुटला तर आत डोकवा. फुटलेली जागा सगळीकडे करडी, दाणेदार असेल तर धातू एकजीव झाला होता. पट्टीची मूळ कड जशीच्या तशी, गुळगुळीत सरळ रेघ दिसत असेल, तर खाली काही जुळलंच नव्हतं: करंट वाढवा किंवा हात सावकाश न्या. बारीक छिद्रं दिसली तर ओल, गंज, रंग किंवा वाऱ्याने उडालेला वायू. काळा काचेसारखा थर दिसला तर अडकलेला स्लॅग. मशीनचं बटण जरा फिरवलं, तारेचं रीळ बदललं, पट्टीची जाडी बदलली की ही चाचणी पुन्हा करा. हौशी माणसं नेमकी इथेच कच खातात. मेहनतीने जोडलेलं तोडायला हात धजत नाही. पण तोडलेल्या एका तुकड्यातून जेवढं कळतं तेवढं तासन्‌तास व्हिडिओ बघूनही कळत नाही.

बिनगॅसच्या तारेबद्दल बरेच जण विचारतात. तारेच्या पोटातच मुलाम्याची पूड असते, त्यामुळे सिलिंडर लागत नाही आणि वाऱ्यातही काम होतं. धूर आणि दाणे मात्र जास्त. या तारेला मशीनची ध्रुवता उलटी करावी लागते, बंदूक ऋण टोकाला. ती अदलाबदल करता न येणारी मशीनंही विकली जातात, तेव्हा घेण्यापूर्वी झाकण उघडून दाखवायला सांगा.

टिगला बाजारात सरळ आर्गन म्हणतात. टंगस्टनच्या टोकाशी आर्क, भोवती आर्गन, आणि दुसऱ्या हाताने काडी घालायची. याचा शोध १९४० च्या सुमारास अमेरिकी विमान कारखान्यात मॅग्नेशियम जोडण्यासाठी लागला, आणि नाजूक धातूंच्या बाबतीत आजही याला तोड नाही. वितळलेलं डबकं इतकं स्वच्छ दिसतं की शिकणाऱ्याची नजर तयार होते. पण काम सावकाश चालतं, धातू लखलखीत घासलेला लागतो आणि आर्गनचा खर्च थांबत नाही. एक फसगत टाळा. 'तीन कामं एकात' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त मशीनांतलं टिग फक्त डीसी असतं. त्यावर लोखंड आणि स्टेनलेस होईल, ॲल्युमिनियम होणार नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरची ऑक्साइडची पापडी दोन हजारांच्याही वर. ती फोडायला एसी करंट लागतो. टंगस्टन घेताना लाल टोकाचं नको. त्यात किरणोत्सारी थोरियम असतं आणि धार लावताना त्याची धूळ उडते. सोनेरी किंवा निळ्या टोकाचं लँथेनमवालं घ्या.

गॅस वेल्डिंगचं कौशल्य मोठं आहे, पण ॲसिटिलिनचं सिलिंडर घरात नको. तो वायू एक किलोच्या वरच्या दाबाला आपण होऊन स्फोट पावू शकतो, आणि जोडीच्या ऑक्सिजनच्या फिटिंगला तेलाचा हात लागला तरी ते तेल पेट घेऊ शकतं. स्वयंपाकाचं सिलिंडर या कामाला जोडणं बेकायदा तर आहेच, जिवावरचंही आहे. ब्रेझिंग मात्र शिकण्यासारखं आहे. पितळेची काडी ९०० अंशांच्या आसपास वितळून सांध्यात ओढली जाते, लोखंड वितळतच नाही. सायकलींच्या जुन्या फ्रेम अशाच जोडलेल्या असायच्या. एखाद्या जाणत्या कारागिराच्या दुकानात, त्याच्या नजरेखाली शिका.

आणि हल्ली हातात धरायच्या लेझर वेल्डिंगच्या झगमगीत जाहिराती दिसतात. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, चकचकीत धातूवरून परावर्तित होतो आणि क्षणात दृष्टी घालवू शकतो. वेल्डिंगची नेहमीची काळी काच त्याला पुरत नाही. बंदिस्त खोली आणि खास चष्म्यांशिवाय ते हत्यार घरी आणू नये, एवढंच म्हणतो.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर आर्कचंही सांगायला हवं. ८० ते १५० अँपिअरला १० किंवा ११ नंबरची काच लागते. गॉगल चालत नाही. आर्कची अतिनील किरणं डोळ्यांना लागली तर त्रास लगेच होत नाही, काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याचे काप किंवा दुधाचे थेंब घालू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने तर मुळीच नको. अंगात जाड सुती कपडे, पायात बूट, आणि भोवती पत्र्याचा आडोसा, कारण शेजारची पोरं ठिणग्या बघायला येणारच.

धुराला सगळ्यात कमी मान मिळतो. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियम असतं, त्याची भीती आणखी मोठी. जीआय पाइपवरचं जस्त ९०० अंशांच्या आसपास उकळून पांढरा धूर होतो, आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायल्याने तो टळतो हा समज खोटा आहे. सांध्याजवळचं जस्त आधी काढून टाका, काम उघड्यावर करा, धूर बाजूला नेईल असा पंखा लावा आणि साधा रुमाल न बांधता एन-९५ च्या दर्जाचा मास्क घाला. डिझेल-पेट्रोलचं रिकामं पिंप किंवा टाकी कितीही धुतलेली असली तरी तिला आर्क लावू नका. ओल्या फरशीवर, पावसात, घामेजल्या हातमोज्यांनी होल्डर धरू नका. मशीनचं ६०-७० व्होल्टही ओल्या अंगाला पुरतात.

पैशांचा क्रम असा ठेवा: आधी चांगलं हेल्मेट, मास्क, कातडी हातमोजे, मग ग्राइंडर आणि व्हाइस, उरलेल्यात साधं आर्क मशीन. पातळ पत्र्याचं काम वाढलं तर वर्षभराने मिग. ॲल्युमिनियमचा तुकडा वर्षाकाठी एखादाच जोडायचा असेल तर आर्गनवाल्याकडून करून घ्या, तेच स्वस्त पडतं.

आणि काही कामं घरी करूच नका: मुलांचा झोका, गच्चीचा कठडा, जिना, ट्रॉलीचा हुक, गाडीची चासी. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रमच वर्षभराचा असतो, आणि त्यानंतरही माणूस उस्तादाच्या हाताखाली काही काळ राबतो. ही कामं अशा माणसाला पूर्ण मजुरी देऊन करायला द्या. त्याची हरकत नसेल तर दुसरी हँडशील्ड घेऊन शेजारी उभे राहा, आणि त्याच्या ठिणग्यांकडे न बघता रॉडच्या मागे वितळलेल्या लोखंडाच्या कडेकडे बघा. दोन्ही पट्ट्यांमध्ये ती कड सारखी पसरते आहे का, ते बघायला शिका.