हक्काची प्रत

शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडल्यावर आम्हा काही माजी विद्यार्थ्यांचा संगणकाशी पहिला परिचय शहरातील एका खासगी वर्गात झाला. तेथील यंत्रांवरील प्रणाली रीतसर विकत घेतलेली नव्हती, हे आम्हांला फार उशिरा कळले. विद्येचा पहिला धडा आपण नकळत चोरीच्या पाटीवर गिरवला, ही खंत मनात राहिली. तिच्यापोटीच वयाच्या चाळिशीत आम्ही लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली शिकायला घेतली.

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रथम जगापुढे ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची त्याला जोड मिळाली. ही प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि इतरांना द्यावी, अशी मुभा तिच्या परवान्यातच आहे.

आरंभ सोपा नव्हता. उबुंटू पेनड्राइव्हवर घेऊन, जुन्या यंत्रातील काहीही न पुसता चालवून पाहता आली, एवढाच दिलासा होता. टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना पडद्यावर एक ठिपकाही उमटेना. कीबोर्ड बिघडला असे समजून आम्ही त्याची वायर तीनदा काढून लावली. लहान व मोठी रोमन अक्षरे येथे भिन्न मानतात, हे समजेपर्यंत समोरची फाइल उघडेना. मात्र आज्ञा चुकली की काय चुकले ते यंत्र बहुधा लिहून दाखवते, आणि ‘मॅन’ या आज्ञेने बहुतेक आज्ञांची माहितीपुस्तिका समोर येते. चुकत, वाचत, पुन्हा करत शिकण्याची सवय आम्हांला अशी लागली.

कार्यालयांत दुसरीच प्रणाली असते, मग मुलांनी ही का शिकावी, असा प्रश्न पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु लिब्रेऑफिसमध्ये तक्ता करणे ज्याला साधले, त्याला अन्यत्र रुळायला फार दिवस लागत नाहीत, हा आमचा अनुभव आहे. शिवाय अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सारी यंत्रेही लिनक्सवरच चालत आली आहेत. केरळच्या शासकीय शाळांनी तर मुक्त प्रणालीवर संगणकशिक्षण देण्याची वाट अनेक वर्षांपूर्वीच धरली.

आपल्या वसतिगृहातील अनेक मुलांचे आईवडील आजही मजुरीवर जगतात. त्यांच्या मुलांपुढे वंचित राहणे किंवा चोरीची प्रत वापरणे, एवढे दोनच मार्ग उरू नयेत. म्हणून शाळेच्या संगणककक्षातील निदान निम्मी यंत्रे लिनक्सवर चालवावीत, अशी आमची व्यवस्थापनाला नम्र विनंती आहे. दर रविवारी शिकवण्यास येण्याची आमची तयारी आहे. इतर माजी विद्यार्थ्यांनीही यावे. दिवाळीच्या सुटीत घरी जाणाऱ्या मुलाने पेनड्राइव्हवर एक प्रत सोबत न्यावी आणि गावातील सोबत्यांनाही द्यावी. तसे करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.