तळं न मागणारा बेडूक

परवा नांदेड-लातूर एसटीत मोबाईलवर आंबोलीचे फोटो चाळत बसले होते. शेजारच्या आजी डोकावल्या. ‘‘बेडूक का गं माय?’’

‘‘हो आजी, अंगठ्याएवढाच आहे.’’

‘‘मग धोंडीला मुसळाला कसा बांधावा याला?’’

आठवली ना धोंडी? पावसानं दडी मारली की अंगाला कडुलिंबाचे डहाळे, मुसळाला बेडूक आणि दारोदार ओतलेलं पाणी. बेडूक भिजला की पाऊस येणार, असा आपला साधा हिशोब!

फोटोतला हा पठ्ठ्या मात्र कायम भिजलेल्या गावचा. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लातूरच्या कितीतरी पट! 2009 मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसाइट या शास्त्रज्ञांनी या बेडकाला गावाचंच नाव दिलं. आज तो ‘स्यूडोफिलॉटस आंबोली’. लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. गंमत म्हणजे, याचं पिल्लू पाण्यात शेपटी हलवत पोहत नाही. अंड्यातून थेट चिमुकला बेडूकच बाहेर येतो!

म्हणजे याला डबकंच लागत नाही? मग आपल्या दुष्काळी भागासाठी एकदम फिट! मलाही तसंच वाटलं होतं. पण अंडी सुकली की खेळ खल्लास. शिवाय बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्यासाठी ती ओलीच हवी. म्हणजे तळ्याचं काम इथं जंगल करतं. सावली, पालापाचोळा, धुकं. झाडं गेली तर पाऊस कितीही कोसळो, उन्हं पडली की जमीन कोरडी. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं लातूर आपण पाहिलंय. पाणी पडणं वेगळं आणि ओल टिकणं वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता एक कबुली. गेल्या जुलैत आमची गँग रात्री आंबोली घाट चढत होती. हेडलाईटच्या उजेडात रस्त्यावर काहीतरी टुणटुण उड्या मारत होतं. ड्रायव्हिंग करणाऱ्या मित्रानं ब्रेक दाबला. ‘‘चल रे, बेडकंच तर आहेत!’’ असं मीच म्हटलं. दुसऱ्या रात्री टॉर्चच्या उजेडात झुडपावर हा भेटला आणि आदल्या रात्रीचं ते वाक्य घशात अडकलं. रस्त्यावर कोणते बेडूक होते, मी विचारलंसुद्धा नव्हतं.

या पावसाळ्यात वीकेंडला घाटात जाणार असाल तर जरूर जा. फक्त रात्री गाडी हळू घ्या. धोंडीत बेडकाला आपण निदान पाणी तरी पाजायचो!