किनाऱ्याची फेरी आखताना

आमच्या गायनवर्गातील पाचसहा तरुण मंडळी दर हिवाळ्यात सायकली घेऊन कुठे ना कुठे जातात आणि मास्तर म्हणून मलाही ओढून नेतात. माझी चाळिशी उलटली आहे. पण बडोद्यासारख्या सपाट गावात सायकल चालविणारा माणूस स्वतःला पुष्कळ समजू लागतो, तसा मीही समजत होतो. गेल्या वर्षी रत्नागिरीहून गुहागर आणि परत अशी किनाऱ्याची फेरी मीच आखली होती. ती पार फसली. यंदा पुन्हा तिकडेच जायचे घाटत आहे, आणि सबंध फेरी एकाच दिवसात करायची असा काहींचा हट्ट आहे. त्या हट्टाला माझा विरोध आहे. तो का, हे वर्गात धड सांगता आले नाही, म्हणून येथे सांगतो.

वाट मोठी देखणी आहे, याविषयी दुमत नाही. रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे, तेथून केशवसुतांचे मालगुंड, पुढे जयगड. जयगडला शास्त्री नदीची खाडी आडवी येते. सायकली फेरीबोटीत घालून पलीकडे तवसाळला उतरावयाचे, आणि हेदवी, वेळणेश्वर करीत गुहागर गाठायचे. परतताना आतल्या अंगाने शृंगारतळी, आबलोली आणि भातगावचा पूल. म्हणजे जी खाडी जाताना बोटीने ओलांडली तीच येताना पुलावरून. पुढे जाकादेवीवरून पुन्हा गणपतीपुळे आणि किनारा. महामार्गाची अवजड वाहने अशा रीतीने सबंध टळतात. सारे मिळून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास भरते.

हा आकडाच आमचा घात करून गेला. एवढे अंतर आमच्या मुलांनी गुजरातच्या रस्त्यांवर एका दिवसात सहज कापले आहे. पण कोकणचा किनारा नकाशावर दिसतो तसा समुद्रालगत पसरलेला सरळ पट्टा नव्हे. गावे आणि बंदरे खाली पाण्याच्या काठी, आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उघडा सडा. एका खाडीतून वर चढायचे, सड्यावर उन्हात भाजून निघायचे आणि लगेच पुढच्या खाडीत उतरायचे. सह्याद्रीचा घाट एकदा चढला की संपतो. येथले चढ लहान असतात, पण दिवसभर संपत नाहीत. उतारावर विसावा मिळेल म्हणावे, तर वळणावळणाला लाल खडी आणि धूळ. ब्रेकवरची बोटे आखडून जातात.

आम्ही आठ वाजता, म्हणजे फार उशिरा निघालो. दर्शन झाले, न्याहारी झाली, छायाचित्रे झाली. जयगडच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि बोट नुकतीच सुटली होती. तवसाळला उतरताच समोर चढ, डोक्यावर ऊन आणि बाटल्यांत तळाशी राहिलेले कोमट पाणी. सड्यावर ना दुकान, ना विहीर. आमच्यातला सर्वांत धाकटा, सतरा वर्षांचा मुलगा, एकाएकी सायकल टाकून करवंदीच्या जाळीशी बसला. त्याला उलटी झाली, हात थरथरू लागले. खालच्या वाडीतील एका मावशींनी मीठ घातलेली पेज करून आणली, ओल्या पंचाने त्याचे अंग पुसले, आणि संध्याकाळी कोणाच्या तरी टेंपोतून आम्ही गुहागरला पोहोचलो. त्याच्या आईला फोन मी केला. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत, याची मला अजून लाज वाटते. चूक रस्त्याची नव्हती, मुलाची तर मुळीच नव्हती.

माझे वडील सनई वाजवीत. बडोदे संस्थान १९४९ साली विलीन झाले, तरी वाड्यातल्या सणसमारंभांची सनई पुढे कैक वर्षे आमच्या घरी होती. नवी चीज बसविताना वडील आधी दम कुठे घ्यायचा त्या जागा ठरवीत, आणि मगच वाद्य तोंडाला लावीत. सनईवाल्याने दम संपल्यावर श्वास घेतला तर तो साऱ्या मांडवाला ऐकू येतो. तो संपण्याआधीच, आपल्या जागेवर घ्यावा लागतो. हे मी मुलांना गाण्यात रोज शिकवितो. फेरी आखताना मात्र मी तास आणि किलोमीटर मोजीत बसलो, दमाच्या जागा एकही ठरविली नाही.

यंदा त्या आधी ठरविल्या आहेत. पहिला मुक्काम गुहागर, म्हणजे फेरी दोन दिवसांची. उजाडण्यापूर्वी निघायचे, कारण वाऱ्याचेही एक वेळापत्रक आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा मंद वाहतो, पण दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो आणि उत्तरेकडे जाणाऱ्याच्या छातीवर बसतो. तेव्हा उत्तरेची वाट दुपारच्या आत संपवावी. परतीच्या दिवशी गणपतीपुळ्यापासून दक्षिणेकडे वळल्यावर तोच वारा पाठीशी येतो. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्यायच्या, आणि एक बोट चुकेल असे धरूनच चालायचे. पाणी जयगडला पुरते भरून घ्यायचे, तहान असो वा नसो. ज्यांच्या सायकलींना चढाचे हलके गिअर नाहीत त्यांनी सायकल हातात धरून चढ चढावा. त्यात कमीपणा वाटत असेल तर घरीच राहावे. हे जरा कठोर झाले, पण असू द्या.

तरुण म्हणतात, दुसरे लोक एका दिवसात करतात. करीत असतील. पाच भिन्न दमांच्या माणसांना बरोबर नेणारी ती फेरी नव्हे. शिवाय दोन दिवस केल्याने चढ एकही कमी होत नाही. उलट हेदवीची बामणघळ थांबून पाहता येते, जी गेल्या वर्षी टेंपोतून जाताना आम्हाला दिसलीसुद्धा नाही.

रेवस-रेडी सागरी मार्गाच्या योजनेत जयगडच्या खाडीवर पूल आहे. तो झाल्यावर बोट कशाला, असेही एकाने विचारले. पूल जरूर व्हावा. तवसाळच्या आजाऱ्याला रात्री-अपरात्री बोटीची वाट पाहावी लागू नये. पण मी या फेरीत बोट धरतो ती हौसेसाठी नव्हे. सबंध दिवसात बोटीवरच काय ते सगळ्यांना एकदम पायडलवरून पाय काढून बसावे लागते, आणि कोण थकला आहे हे मला तेव्हाच नीट दिसते.

परवा नावांची यादी केली. गेल्या वर्षीच्या त्या मुलाचे नाव त्याच्या आईनेच फोनवर कळविले. बोटीच्या वेळांचा कागद यंदा त्याच्याजवळ राहणार आहे.