काळोखाच्या खुणा

जुन्या चाळीच्या जिन्यात, सहजासहजी हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, एखादे तावदान असते. आजूबाजूच्या काचा केव्हाच बदललेल्या असतात. या एका काचेवर मात्र काळ्या रंगाचे पापुद्रे अजून चिकटून असतात. आमच्या पिढीने १९७१ चे युद्ध अनुभवले नाही. ते आमच्या जन्माच्या आगेमागे होऊन गेले. पण त्या युद्धाने रंगवलेल्या काचा आम्ही पाहिल्या. नखाने तो रंग खरवडून पलीकडचा रस्ता पाहण्याचा खेळही खेळलो. हा रंग कशासाठी, असे विचारले की घरातील वडीलधारी मंडळी एवढेच सांगत, "विमाने येतील, म्हणून."

आज त्या चाळी पाडल्या जात आहेत. पुनर्विकासाच्या राडारोड्यात ती तावदानेही जात आहेत. एका रंगीत काचेचे एवढे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या रंगाच्या इतिहासातच सापडते.

रात्रीच्या अंधारात बॉम्बफेकी विमानाला शहराची वाट दाखवतो तो शहराचाच उजेड. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने सक्तीचा ब्लॅकआऊट सुरू केला. रस्त्यांवरचे दिवे मालवले गेले, रेल्वे स्थानकांच्या छतांच्या काचा काळ्या झाल्या, घराघरांच्या खिडक्यांवर जाड पडदे चढले. शत्रूला शहर दिसेनासे झाले. पण शहरातील माणसांनाही समोरचे दिसेनासे झाले. १९३८ मध्ये तेथे रस्ते अपघातांत ६,६४८ माणसे मृत्युमुखी पडली होती. १९४१ मध्ये ही संख्या ९,१६९ वर गेली. त्या देशाच्या रस्त्यांवर एका वर्षात इतके बळी त्यापूर्वी कधी गेले नव्हते आणि त्यानंतरही कधी गेले नाहीत.

यावर उपाय म्हणून हाती आला तो पांढरा रंग. पदपथांच्या कडेचे दगड, झाडांचे बुंधे, दिव्यांचे खांब, रेल्वे पुलांच्या कमानींचे पाय यांवर पांढरे पट्टे ओढले गेले, म्हणजे अंधारात चालणाऱ्याला कड दिसावी, गाडी हाकणाऱ्याला खांब दिसावा. युद्ध संपून ऐंशी वर्षे उलटली, तरी तेथील काही जुन्या पुलांवर आणि पदपथांवर हे फिकट पट्टे ओळखता येतात. लंडनमधील लॉर्ड नॉर्थ स्ट्रीटवरच्या घरांच्या भिंतींवर तळघरातील आसऱ्याकडे बोट दाखवणारी त्या काळातील अक्षरेही आजवर टिकून आहेत. तेथील लोकांनी ती पुसली नाहीत.

काळा रंग शत्रूसाठी होता, पांढरा रंग आपल्या माणसासाठी. राष्ट्राच्या संरक्षणाला हे दोन्ही रंग लागतात. शत्रूपासून स्वतःला झाकणे हे अर्धेच काम. त्या अंधारात शेजाऱ्याला ठेच लागू नये याची काळजी वाहणे, हे उरलेले अर्धे.

आपल्या देशानेही महायुद्धाचा अंधार पाहिला. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे, तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोलकात्यावर जपानी बॉम्ब पडले. कोलकात्यातील व्हिक्टोरिया स्मारकाचा शुभ्र संगमरवर काळ्या लेपाखाली झाकण्यात आला. हावडा पुलासारखा प्रचंड पूल फेब्रुवारी १९४३ मध्ये हवाई हल्ल्याच्या भीतीने कोणताही समारंभ न करता खुला झाला. पण ते युद्ध भारताच्या माथी मारले होते ते परकीय सत्तेने, येथील जनतेला न विचारता. लोकांनी दिवे मालवले, ते हुकूम म्हणून.

१९७१ चा अंधार वेगळा होता. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ले केले. त्यांतील एक हल्ला थेट आग्ऱ्यापर्यंत आला. ताजमहाल कापडाखाली झाकला गेला. नौदलाची गोदी, तेलशुद्धीकरण कारखाने आणि ट्रॉम्बेचे अणुकेंद्र ज्या मुंबईत, ती मुंबई रात्रीपुरती काळोखात बुडाली. खिडक्यांवर काळे कागद चिकटले, काचांना काळा रंग लागला, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा झाला. गल्लोगल्ली फिरणारे स्वयंसेवक कोठे उजेडाची तिरीप दिसली तर हाक देत आणि ती तिरीप विझत असे. हा अंधार आपला होता, आपण स्वीकारलेला होता. त्याच काळोख्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीचे बंदर पेटवले आणि ९ डिसेंबरच्या रात्री ‘आयएनएस खुकरी’बरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांनी जलसमाधी घेतली. खिडकीला कागद चिकटवणाऱ्या गृहिणीचा वाटा त्या बलिदानापुढे अल्प खरा. पण तो तिने तक्रार न करता उचलला होता.

ही सवय पुढे राहिली नाही. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ पासून अस्तित्वात आहे, परंतु सामान्य नागरिकाच्या लेखी तो कागदावरच होता. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घेण्याचे ठरवले, तेव्हा भोंगा वाजल्यावर नेमके काय करायचे हेच अनेकांना ठाऊक नसल्याचे दिसले. मुंबई, उरण आणि तारापूर ही आपल्या राज्यातील ठिकाणे त्यात अतिसंवेदनशील गणली गेली होती. पाठोपाठ ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले आणि जम्मू, अमृतसर, जैसलमेर, भूज येथील नागरिकांना खरोखरीचा अंधार पाळावा लागला. सीमेवरील त्या शहरांनी तो पाळलाही. आपण, सीमेपासून दूर असलेले, तो दूरचित्रवाणीवर पाहत होतो.

उपग्रहांच्या आणि दिशादर्शक क्षेपणास्त्रांच्या युगात दिवे मालवून काय साधणार, हा प्रश्न रास्त आहे. पन्नास वर्षांपूर्वी ब्लॅकआऊटचा जो उपयोग होता, तेवढा आज नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण एका भोंग्यावर संपूर्ण वस्तीने एकाच वेळी एक कृती करणे, अफवा न पसरवणे, इमारतीतील वृद्ध आणि आजारी माणसे कोठे आहेत हे शेजाऱ्याला ठाऊक असणे, ही शिस्त कोणत्याही शस्त्रामुळे कालबाह्य होत नाही. महापुरात आणि भूकंपातही तीच उपयोगी पडते.

म्हणूनच आमची वाचकांना विनंती आहे. आपल्या वाड्यात, चाळीत, शाळेच्या वा कारखान्याच्या जुन्या इमारतीत असे रंगवलेले तावदान उरले असेल, तर त्याचे छायाचित्र घ्या. इमारत पाडली जाणार असेल, तर ती काच जपून उतरवून घ्या. १९७१ मध्ये गल्लीत गस्त घालणारी तरुण मुले आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यापाशी बसा, त्यांच्या आठवणी लिहून काढा. उद्या त्या सांगायला कोणी उरणार नाही. आणि एवढ्यावर न थांबता आपल्या घरातील एका तरुणाचे तरी नाव नागरी संरक्षण दलाच्या प्रशिक्षणासाठी नोंदवा.

घरातील वडीलधारे "विमाने येतील, म्हणून" एवढेच सांगून थांबत, कारण उरलेले सर्वांना ठाऊक होते. आता ते ठाऊक असणारे थोडे उरले आहेत. उद्या एखाद्या नातवाने त्या काळ्या काचेकडे बोट दाखवले, तर त्याला देण्याजोगे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.