पानगळ बघायला चला



शिमगा जवळ आला आहे. कुणाचा ऊस कारखान्याला गेला, कुणाचा तोडीची वाट बघत उभा आहे. पोरांच्या परीक्षा तोंडावर आहेत. अशा दिवसांत “झाडांची पाने बघायला चला” असे म्हटले तर तुम्ही म्हणाल, साहेबांना ऊन लागले! तरीपण एक रविवार काढा. भाकरीचे गाठोडे बांधा, घरच्या मंडळींना बरोबर घ्या आणि राधानगरीवरून दाजीपूरपर्यंत जाऊन या. स्वतःची गाडी असली तर उत्तम, नसली तर एस. टी. आहेच.

अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि जपानात लोक मुद्दाम पानांचे रंग बघायला बाहेर पडतात. तिकडे तो सोहळा सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये असतो. आपल्याकडे तेव्हा शरद ऋतू असतो, भात पोसवलेले असते, रान हिरवेगार असते. आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. तिकडचे झाड थंडीच्या धास्तीने पान टाकते, आपले झाड पाणी वाचवण्यासाठी टाकते. पानांतून पाण्याची वाफ होत राहते. जमिनीतली ओल कमी झाली की झाड तो खर्चच बंद करते.

रंकाळ्याच्या बाजूने निघालात की हळदी, परिते येईपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. राधानगरी मागे पडली की जंगल लागते. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचे पाणी झाडांतून दिसत राहते. इथे गाडी सावकाश चालवा. कुंभ्याची पाने गळण्याआधी तांबडी होतात, ती जमिनीवर पडलेली सापडतील. सावरीला पान नाही, नुसती लालभडक फुले. पळस आणि पांगारा तसेच. मध्येच एखादे झाड पेटल्यासारखे दिसेल. ते कोशिंब. ती मात्र पानगळ नव्हे, कोवळी पालवी आहे. नव्या पानातला तांबडा रंग त्याला कडक उन्हापासून जपतो. हिरवेपणा मागाहून येतो. अंजनी, जांभूळ ही मंडळी मात्र बारमाही हिरवी. दाजीपूरच्या अभयारण्यात आत जायचे असेल तर वनखात्याची परवानगी घ्या. गव्यांसाठी 1958 साली राखलेले हे रान 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले आहे.

आता शेतकऱ्याने बघण्यासारखी गोष्ट सांगतो. पान टाकण्याआधी झाड त्यातले बरेचसे नत्र परत फांदीत ओढून घेते. हरितद्रव्य मोडते, म्हणून आत दडलेला पिवळा रंग वर येतो. काही झाडे त्याच वेळी तांबडा रंग नव्याने बनवतात. एवढे करून उरलेले पान ते खाली सोडते, आपल्याच मुळांवर पांघरूण म्हणून.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या शेतकरी कुटुंबांना घेऊन मी या वाटेने गेलो होतो. जेवायला एका झाडाखाली बसलो. एका वहिनींनी सहज हाताने पाचोळा बाजूला केला. वरची पाने कुरकुरीत, खालची मऊ काळी, आणि त्याखाली माती ओली! मार्च महिना होता. त्या म्हणाल्या, “साहेब, आमच्या रानात या दिवसांत ढेकूळ फुटत नाही. इथं पाणी कोण पाजतंय?”

मी उत्तर दिले खरे, पण मनात ओशाळलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ऊस तुटल्यावर पाला पेटवताना बांधावर उभा राहून मी बघितले आहे आणि गप्प बसलो आहे. “खोडवा चांगला फुटतो, उंदीर मरतात” हे मलाही पटत असे. जंगल जे पांघरूण जपून ठेवते, ते आपण काडी लावून अर्ध्या तासात संपवतो.

हिशेब करा. एकरी 3 ते 4 टन पाचट निघते. जाळले की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि बहुतेक सगळे नत्र धूर होऊन जाते, वरच्या थरातले जिवाणू भाजून मरतात. मग तेच नत्र आपण पोत्याने विकत आणतो.

तेव्हा यंदा खोडवा ठेवताना पाला पेटवू नका. बुडख्यांवरचा पाला सरीत ओढा, बुडखे जमिनीलगत छाटा. पाचटावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका आणि पाचट कुजवणारे जिवाणू 4 किलो शेणखतात मिसळून पसरा. युरिया हा त्या जिवाणूंचा खुराक आहे. मग पाणी द्या. पहिल्या पाण्याला सरीत पाणी सावकाश सरकते, ही अडचण खरी आहे. ज्यांना ती फार वाटते त्यांनी एक सरी आड पाचट ठेवून सुरुवात करावी. पुढे हेच पाचट ओल धरून ठेवते आणि पाण्याच्या पाळ्या लांबवते.

आणखी एक विनंती. जंगलात विडी-काडी पेटवू नका, चूल मांडू नका. फाल्गुनातल्या पाचोळ्याला एक ठिणगी पुरते. भोगावतीचे पाणी याच डोंगरांत पडते आणि याच पाचोळ्याखाली मुरते. त्याच पाण्यावर आपला ऊस उभा आहे.

तर जाऊन या. पोरांना झाडांची नावे विचारा, त्यांना येत नसतील तर तुम्ही सांगा. झाडाखालचा पाचोळा त्यांच्या हाताने बाजूला करायला लावा. घरी आल्यावर आपल्या रानातही तेच करून बघा. दोन्ही ठिकाणी काय दिसले ते पोरेच तुम्हाला सांगतील.